पुसलेल्या बायका

उन्हात हा रंग तासाभरात वाळतो. भिंतीवरच्या बाईचा डावा डोळा मात्र दुपार झाली तरी ओलाच होता. चित्रकार बाईने करंगळी लावून पाहिली. बोटाला पाणी लागलं, रंग नाही. भिंतीमागे नळ नव्हता, आणि मुळात हा चेहरा तिने काढलाच नव्हता. तिथे तिने झाड काढलं होतं.

बांबूच्या परांचीवर उभं राहिलं की समोरच्या हातभर भिंतीशिवाय काही दिसत नाही. म्हणून तिचा नवरा समोरच्या फुटपाथवर उभा राहून चित्र कसं दिसतंय ते ओरडून सांगायचा. लग्नापासूनची पद्धत.

"अगं, ही तर तुझी धोबीण!" तो ओरडला. "पहिल्या भिंतीवरची!"

ती भिंत तिनेच पांढरी केली होती, वरून हुकूम आला म्हणून. नंतरच्याही सगळ्या. सगळं शहर रंगवलं, आणि शहरात तिचं एकही चित्र उरलं नव्हतं. दर वेळी ती घरी येऊन म्हणायची, पुढच्या वेळी नाही म्हणेन.

"झाड ठरलं होतं ना, बाई?" कामं देणारे साहेब म्हणाले. "पुसा."

तिने पुसलं. सकाळी धोबीण परत भिंतीवर होती, आणि शेजारी दवाखान्यातली नर्स उभी होती. परत पुसलं. मग पोटुशी गवंडीण आली, शाळेतल्या बाई आल्या. सगळ्या तिच्याच, जुन्या भिंतींवरच्या.

"माना वळल्यात गं," नवरा म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता.

"कुठे?"

"तुझ्याकडे."

साहेब पुन्हा आले. "आज सगळी भिंत पांढरी झाली पाहिजे. नाहीतर या शहरात तुम्हाला परत भिंत मिळायची नाही."

तिने ब्रश उचलला. गालाला ऊब लागली, अगदी जवळ कुणी श्वास सोडावा तशी.

ती घाबरली. मग तिला राग आला, स्वतःचाच.

ती भिंतीकडे पाठ करून उभी राहिली आणि पांढऱ्या रंगाची बादली खाली उपडी केली. साहेबांचे बूट भरले.

"याचा अर्थ काय समजायचा?"

"नाही पुसणार."

आवाज हुबेहूब तिचा होता. पण आला पाठीमागून. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

समोर नवरा तिच्यामागच्या भिंतीकडे बोट दाखवत होता.

तिने मागे पाहिलं नाही. बांबू घट्ट धरला, साहेबांच्या नजरेला नजर दिली आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "नाही पुसणार."