एकशे सहावा निरोप

एक कोडं घालते. एकशे पाच निरोप, सगळे प्रेमाचे, एकाही माणसाच्या मनात वाईट नाही. तरी त्या निरोपांमुळे एका माणसाच्या जिवावर बेतलं. कसं? पटत नाही ना? मलाही पटलं नसतं. पण २०४३ सालच्या जानेवारीत, एका शनिवारी, हे आमच्याच घरात घडलं. त्यात माझा हात किती होता तेही सांगते, लपवायचं काही नाही.

मी मिथिला कुबल, इयत्ता सातवी. माझी मावशी, डॉक्टर शर्वाणी तारी, प्रवाळांचा (समुद्रात दाटीवाटीने राहणारे चिमुकले जीव, ज्यांच्या सांगाड्यांचे खडक बनतात) अभ्यास करते. त्यासाठी ती 'शिंपल्या'त बसून तीस मीटर खोल जाते. शिंपला म्हणजे एक माणूस जेमतेम मावेल असा पोलादी गोळा. त्याला दोर नाही. खाली जाताना तो लोखंडी वजनं घेऊन जातो आणि वर यायचं झालं की मावशी आतला दांडा ओढून ती वजनं सोडून देते. म्हणजे तिला वर आणणं कुणाच्या हातात नाही, तिच्याच हातात आहे. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी मावशी खाली होती आणि मी आजोबांबरोबर धक्क्यावरच्या खोलीत बसले होते. भिकाजी तारी, म्हणजे माझे आजोबा आणि मावशीचे वडील. बोटींवरची ध्वनियंत्रं (पाण्यात आवाज सोडून, प्रतिध्वनीवरून खोली मोजणारी यंत्रं) दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. समोर मावशीचा मदतनीस सत्यवानदादा शिंपल्याच्या पडद्यावर नजर ठेवून होता. आणि मी? मी चिडलेली होते. सकाळपासून माझ्या मनगटपाटीवर एकामागून एक बोलावणी येत होती. 'ओवी तुम्हाला गोतावळ्यात बोलावत आहे.' 'हर्षद तुमची वाट पाहत आहे.' तासाभराने पुन्हा, 'हर्षद अजून वाट पाहत आहे.' अरे, हर्षद माझ्या मागच्या बाकावर बसतो, तो कशाला माझी वाट पाहील! गोतावळा ही नवी गप्पांची जागा होती, आणि अख्खा वर्ग एका रात्रीत तिथे जाऊन मला छळतोय असं मला वाटलं. मी तोंडाने बडबडत एकेक पुसत होते.

तेवढ्यात आजोबांनी आपली पाटी माझ्यासमोर धरली आणि शांतपणे विचारलं, "काय गो, मी तुझ्या शेजारी बसलोय आणि तू मला बोलावणं कशाला धाडतेस?"

पाटीवर माझा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'मिथिला तुम्हाला बोलावत आहे.'

मी तर कुणालाच बोलावलं नव्हतं. पण आजोबांनी खोदून खोदून विचारल्यावर आठवलं. आदल्या संध्याकाळी मी गोतावळ्यात डोकावले होते. त्याने विचारलं होतं, 'तुमचे मित्र शोधायला तुमची पत्त्यांची वही बघू का?' मी न वाचता 'हो' दाबलं होतं. आजोबांनी कपाळाला हात लावला. वही बघू म्हणजे नुसती बघू नव्हे, त्यांनी समजावलं. त्याने वहीतल्या प्रत्येकाला माझ्या नावाने बोलावणं पाठवलं. माझं नाव बघून माझ्या मैत्रिणी आत गेल्या, त्यांनीही 'हो' दाबलं, मग त्यांच्या वह्या उघडल्या. एकाचे पाच, पाचाचे पंचवीस. याला गुणाकारी वाढ (दर पायरीला ठरावीक पटीने होणारी वाढ) म्हणतात. सुरुवात एवढीशी असते, म्हणून कुणाला भीती वाटत नाही.

म्हणजे ज्या कुणावर मी सकाळपासून दात खात होते, ती मीच होते. मी लगेच अख्ख्या वर्गाला खरं काय ते कळवलं.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना फोन आला. बाहेर गेलेल्या एका मासेमारी बोटीवरून बातमी होती. कुणाचंतरी तुटलेलं भलंमोठं जाळं प्रवाहाबरोबर वाहत शिंपल्याच्या दिशेने येत होतं, आणि ते तळापर्यंत लोंबत होतं. साडेबारापर्यंत पोचेल म्हणाले. जाळ्यात अडकल्यावर वजनं सोडूनही शिंपला वर येणार नाही. आत हवा संध्याकाळपर्यंतची, आणि जाळं कापणारे पाणबुडे येईपर्यंत दुसरा दिवस उजाडणार. सत्यवानदादाने ताबडतोब निरोप टाकला, 'जाळं येतंय, वर ये.' मग पडदा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. निरोप पोचलाच नव्हता. तो रांगेत एकशे सहावा होता.

आता हे नीट ऐका. रेडिओच्या लहरी हवेतून लांब जातात, पण खाऱ्या पाण्यात शिरल्या की थोड्याच अंतरात विरून जातात. म्हणून शिंपल्याच्या वर एक बोया (नांगरून ठेवलेलं तरंगतं पिंप) आहे. तो धक्क्यावरून रेडिओने निरोप घेतो आणि चिवचिव आवाजांत बदलून पाण्यात सोडतो. आवाज पाण्यात झकास धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. मग अडचण काय? त्या वाटेची क्षमता (एका सेकंदात किती मजकूर जाईल त्याचं माप) फार थोडी. एकेका निरोपाला सरासरी चाळीस सेकंद लागतात. एकशे पाच गुणिले चाळीस, म्हणजे सत्तर मिनिटं. आणि आमच्याकडे उरली होती चाळीस.

एवढे निरोप कुणाचे? आमच्या वर्गाचे. मावशी दिवाळीनंतर शाळेत आली होती आणि तिने सगळ्यांना शिंपल्याचा पत्ता दिला होता, वाटेल ते विचारा म्हणून. माझी धरून पस्तीस बोलावणी, वर 'अजून वाट पाहत आहे'चे पस्तीस निरोप. बाकीचे पस्तीस? वर्गातल्या सगळ्यांना आपला घोळ कळल्यावर त्यांनी मावशीची माफी मागितली होती. 'सॉरी मावशी, चुकून गेलं, उघडू नका.' प्रत्येकाने वेगळं, फुलं घालून. माझंही होतं, पाचच मिनिटांपूर्वी पाठवलेलं. शिंपला तळाशी टेकेपर्यंत बोया निरोप साठवून ठेवतो, आणि मावशी नुकतीच तळाशी पोचली होती.

रांग मोडता येईना. बोया काही पुसत नाही आणि कुणाला पुढे घुसू देत नाही, बंद करून चालू केला तरी त्याची रांग तशीच राहते. हा नियम मावशीनेच घातला होता. मोठ्या लोकांच्या कामांपुढे मुलांचे प्रश्न मागे पडू नयेत असा तिचा हट्ट होता. नियम बदलायची किल्ली तिच्याजवळ, आणि ती तीस मीटर खाली. सत्यवानदादा तोच निरोप पुन्हा पुन्हा टाकू लागला. आजोबांनी त्याचा हात धरला. त्याने रांगच वाढत होती.

मला रडू फुटलं. माझ्या एका बोटाने मावशीला कोंडलं होतं. आजोबा माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते खिडकीपाशी जाऊन समुद्रात बोया शोधायला लागले. त्यांची मुलगी होती ती. मग स्वतःशी बोलावं तसं ते म्हणाले, "बोया काय करतो? आवाजच करतो ना?"

मी डोळे पुसले. आवाज तर आम्हीही करू शकत होतो. पण नुसत्या ठोक्यांवरून मावशीला काय कळणार? बोटी दिवसभर खडखडतातच की. आणि एकदम मला जेवायची वेळ आठवली. आमच्या घरी मावशीला कुणी हाका मारत नाही. पुस्तकात डोकं घातलं की तिला ऐकूच येत नाही. तिच्या लहानपणापासून आजोबा परातीवर पळी वाजवतात. तीन ठोके, थांबायचं, मग दोन. त्याचा अर्थ एकच, हातातलं टाक आणि आत्ताच्या आत्ता ये. हल्ली ते काम माझ्याकडे आहे.

मी सांगितलं तसे आजोबा उठले. वाटेत त्यांनी एक लांब लोखंडी पाइप आणि हातोडा घेतला. होडीने बोयापाशी पोचायला दहा मिनिटं लागली, मला ती शाळेच्या दिवसाएवढी वाटली. सव्वाबारा झाले होते. दक्षिणेला पाण्यावर जाळ्याचे पांढरे फ्लोट (जाळं तरंगतं ठेवणारे गोळे) दिसायला लागले होते, दुपारच्या उन्हात शांत, जसं काही झालंच नाही. आजोबांनी पाइप अर्धा पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी धरला. मी हातोडा मारला. तीन. थांबले. दोन. पुन्हा तीन. हाताला झिणझिण्या आल्या, एक फोड फुटला. पाणी तसंच. फ्लोट मोजता येतील इतके जवळ आले. सत्यवानदादा रेडिओवरून सांगत होता की रांगेत आपल्या निरोपापुढे अजून पासष्ट आहेत. आजोबांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी मारत राहिले.

मग बोयाच्या पलीकडे पाणी फुगलं आणि शिंपला बुडबुड्यांसकट वर आला. बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. आजोबांनी पाइप टाकून दोरी उचलली.

आम्ही शिंपला दोरीला बांधून जाळ्याच्या वाटेतून बाजूला ओढला, तेव्हा झाकण उघडून मावशीने डोकं बाहेर काढलं. जेवायला इतक्या लवकर का, असं तिने विचारलं. मी जाळ्याकडे बोट दाखवलं. तिचा चेहरा उतरला. मग मी सगळं सांगून टाकलं, 'हो' दाबल्यापासून. तिने आपला पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर रांगेने माझं नाव होतं, ओवीचं होतं, हर्षदचं होतं.

"तुझं बोलावणं सगळ्यात आधी आलं होतं," ती म्हणाली. "मी नको म्हटलं. ती तू नव्हतीस, मला माहीत होतं. तू बोलावतेस तेव्हा हात दुखेपर्यंत बोलावतेस."

तिने माझा फोड आलेला तळवा आपल्या गार हातात धरला आणि किनारा येईपर्यंत सोडला नाही.

आता बोयाला मावशीने नवा नियम घातलाय. मुलांचे प्रश्न अजूनही रांगेनेच जातात, पण जिवाचा निरोप (कुणाचा जीव वाचवायला पाठवलेला) सगळ्यांच्या पुढे जातो. एकाच साच्याची बोलावणी बोया दारातच थांबवतो. मी गोतावळ्यातून नाव काढलं, वहीची परवानगीही काढली. आणि वर्गाची माफी मागायची होती, तर माफीच्या त्या पस्तीस निरोपांवर आणखी निरोप नकोत म्हणून मी चौतीस घरी पायी गेले. चार दिवस लागले. हर्षदच्या घरी त्याच्या आईने मला जेवायला बसवलं. त्याला शिंपल्यात एकदा बसायचंय म्हणे. मावशीला विचारून सांगते म्हटलं. तिने हो म्हटलंय, पुढच्या महिन्यात आम्हा दोघांना तिच्याबरोबर जायचंय, तिघं मावतील अशा मोठ्या शिंपल्यातून. परात कोण वाजवणार, ते आजोबांनी आधीच ठरवून टाकलंय.