दोन घड्याळांची एकच वेळ

“मी तेव्हाच म्हणत होते, जहाजवाल्यांचीच सहल घेऊ या. पण या घरात सुनेचं ऐकतंय कोण?”

डेनीज ट्रेडवे हे नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली. पण तिची कुजबुजही अशी दणदणीत, की धक्क्यावर नारळ सोलणाऱ्याचा कोयता मध्येच थांबला.

ऑस्बर्न टलॉक तिच्या मागेच उभा होता, व्हॅनची किल्ली मुठीत आवळून. समोर, खाडीच्या तोंडाशी, सतरा मजल्यांचं पांढरं जहाज पाठ दाखवून चाललं होतं. त्याच्या व्हॅनमधले चारही प्रवासी या घटकेला त्या जहाजावर असायला हवे होते.

“ऑस्बर्न,” बंदरावरचे जहाज-एजंट मिस्टर लिंडो म्हणाले, “सगळ्यांना घेऊन आत चल. आणि तोंड असं करू नकोस, अजून कोणी मेलेलं नाही.”

पण ऑस्बर्नचं अर्धं आयुष्य तिथेच संपत आलं होतं. जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरच्या गाडीसाठी थांबत नाही. आणि मग दोष गाडीवाल्याचा. लिंडोंना सहाच्या आत अहवाल पाठवायचा होता. त्यात ऑस्बर्नचं नाव गेलं, की बावीस वर्षं गळ्यात मिरवलेला बंदराचा पास उद्या सकाळी काढून घेतला जाणार. सेंट क्लेअर बेमध्ये ज्याला पास नाही, त्याने व्हॅन विकावी आणि बकऱ्या पाळाव्यात.

त्याने एकच फोन केला. मिस इसिल्डा पिनॉकला.

मिस इसिल्डाने सव्वीस वर्षं कस्टममध्ये काढली होती. आता खिम्याच्या पॅटी विकणाऱ्या दुकानावरच्या खोलीत तिने ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली होती. हिंडायला तिला ऑस्बर्नचीच व्हॅन लागायची. ती म्हणायची, की समोर ऑस्बर्न असला की तिला चांगलं सुचतं, कारण सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ऑस्बर्न ही स्तुती समजायचा.

दहा मिनिटांत ती आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला बन आणि चीज.

“जेवायला बसणार होते,” ती म्हणाली. “बोला.”

एजंटच्या ऑफिसमागच्या खोलीत सगळे जमले. एक खिडकी, एक टेबल, एक लांब लाकडी बाक. लोरेटा ट्रेडवे, सत्तरीची, करड्या केसांची आजी, स्कर्ट सावरून बाकाच्या अगदी डाव्या टोकाला बसली. तिचा नवरा हार्लन मधोमध दाणकन बसला आणि ओरडून उठला. त्याच्या पांढऱ्या पँटला मागे चांगली वीतभर फाट पडली.

“खिळा आहे तिथे,” लिंडो ओशाळून म्हणाले. “बरीच वर्षं ठोकीन ठोकीन म्हणतोय. काय आहे साहेब, या खोलीत प्रवासी येतच नाहीत. ज्यांना जहाज सोडून जातं, तेवढेच येतात.”

त्यांनी एक जाडजूड वही पुढे केली. मागे राहिलेल्या प्रत्येक प्रवाशाने त्यात नाव लिहून सही करायची. चौघांनी केली. वही मिस इसिल्डाने सहज आपल्याकडे ओढून घेतली.

हार्लनने मनगट तिच्या नाकासमोर धरलं. जुनं, किल्लीचं, सोनेरी घड्याळ होतं. “या माणसाची चूक आहे, आणखी काही नाही. आम्ही चार वाजून दहा मिनिटांनी धक्क्यावर आलो. साडेचारच्या आत यायचं होतं!”

“साहेब,” लिंडो म्हणाले, “साडेचार जहाजाचे. उन्हाळ्यात जहाजाचं घड्याळ आमच्या बेटाच्या तासभर पुढे असतं. आमच्या चार-दहाला तुमचं जहाज सुटूनही गेलेलं असतं.”

“मला शिकवू नका! एकोणीस सफरी केल्यात मी. माझं घड्याळ जहाजाच्याच वेळेवर चालतं. रोज रात्री मी स्वतः बघून लावतो.”

लिंडोंनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर पाच वाजायला वीस मिनिटं होती. बेटाची वेळ. हार्लनच्या घड्याळातही पाच वाजायला वीसच मिनिटं होती.



“कोणीतरी काटे मागे फिरवलेत,” हार्लन हळू आवाजात म्हणाला, आणि सुनेकडे वळला. “मी समुद्रात गेलो तेव्हा घड्याळ तुझ्याकडे दिलं होतं.”

“हे बघा डॅडी, पोरीचा वाढदिवस परवावर आलाय, ती तिकडे माझ्या आईकडे वाट बघतेय, आणि मी मुद्दाम इथे अडकून पडेन? तुमचं घड्याळ बुटात ठेवलं होतं मी. बुटात! हात नाही लावला.”

“ऑस्बर्न,” मिस इसिल्डाने बनचा तुकडा मोडला. “तुझ्या गाडीत पुढे दोन घड्याळं असतात ना?”

“हो, मिस इसिल्डा. एक आपलं बेटाचं. दुसरं लहान, टेपने चिकटवलेलं, जहाजाचं. रोज सकाळी प्रवाशाच्या घड्याळावरून लावतो. आज साहेबांच्या घड्याळावरून लावलं.”

“आणि?”

“दोन्हीत एकच वेळ होती. मला वाटलं, हे जहाज बेटाच्या वेळेने चालत असेल. काही चालतात.”

“तुला वाटलं. बरं, सकाळी बोलावलं किती वाजता होतं?”

“निरोपात होतं, जहाजाचे नऊ. म्हणजे आपले आठ. आठपासून उभा होतो. हे लोक आले नऊला.”

“नऊ म्हणजे नऊलाच आलो!” हार्लन म्हणाला.

“मी काही बोललो नाही,” ऑस्बर्न म्हणाला. “सहलीची माणसं. उशिराच येतात.”

मिस इसिल्डाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला आपण काहीतरी महत्त्वाचं बोललो असं वाटलं. काय, ते कळेना.

मुलगा ग्रांट खिडकीपाशी उभा होता. चाळिशीचा, वाकलेल्या खांद्यांचा. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, “आमच्याकडे वेळ म्हणजे डॅडींचं घड्याळ. ते दार ठोकतात, तेव्हा आमचं उजाडतं. आज साडेआठला ठोकलं. न्याहारीला खाली गेलो, तर दालन बंद. आईने व्हॅनमध्ये पाव आणि उकडलेली अंडी काढली पिशवीतून, जहाजाच्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेली, म्हणून निभावलं.”

“फोन बघितला नाही?”

“समुद्रात बंदच ठेवतो. उतरल्यावर लावला, तर डॅडींच्या घड्याळाशी जुळत होता. मग शंका कशाला येईल?”

“आणि सहल कोणी निवडली?”

याचं उत्तर द्यायला डेनीज टपूनच बसली होती. “निवडतात? आमच्यात निवडत नाहीत. सहलींचं पत्रक आलं की डॅडी त्यांचं लाल पेन काढतात आणि गोल करतात. प्रत्येक बंदराला एक गोल. मला गुहा बघायच्या होत्या, पण गोल बागेला आणि समुद्राला. या बंदरात नदीचं तर नावही काढायचं नाही, हे मला लग्नातच बजावलं होतं. का, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही.”

“डेनीज!” ग्रांट म्हणाला.

“बघा. असं.” तिने हात उडवले. “यंदा पहिल्यांदा आई काहीतरी बोलल्या. गुडघा दुखतो, मोठ्या बसमध्ये चढवत नाही, बाहेरची लहान गाडी घेऊ. म्हणून तर आपण इथे आहोत.”

“मॅडमचा गुडघा?” ऑस्बर्न कौतुकाने म्हणाला. “बागेतल्या धबधब्याच्या सत्तर पायऱ्या या सगळ्यांच्या पुढे चढल्या!”

लोरेटा मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिली. मिस इसिल्डा वहीची पानं मागे मागे उलटत होती. एका पानावर ती बराच वेळ थांबली. मग तिने वही मिटली, बोटांवरचे कण झटकले आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच.

“ऑस्बर्न, नीट ऐक. तुझाच पास आहे.”

“ऐकतोय.”

“सूनबाईंनी दुपारी काटे फिरवले असते, तर सकाळी लावलेलं तुझं लहान घड्याळ साहेबांच्या घड्याळाशी जुळलं नसतं. ते जुळतं. म्हणजे ही माणसं तुझ्या व्हॅनमध्ये चढली, तेव्हाच घड्याळ तासभर मागे होतं. म्हणूनच तू तासभर ताटकळलास आणि साहेबांना वाटलं आपण वेळेवर आलो.”

“अरे हो,” ऑस्बर्न म्हणाला.

“साहेबांनी रात्री वेळ बघून लावली. सकाळी दार ठोकलं तेव्हा चुकलेली होती, कारण न्याहारी बंद झालेली. मधल्या वेळात घड्याळ साहेब आणि मॅडमच्या केबिनमध्येच होतं. साहेब स्वतः हे करणार नाहीत, जहाज चुकलं तर त्यांचा जीव जातो. उरलं कोण?”

“आई?” ग्रांट म्हणाला. “काहीतरीच.”

“न्याहारीचं दालन तुम्हा सगळ्यांना बंद मिळालं. मग पाव आणि अंडी आली कुठून? दालन उघडं असताना कोणीतरी खाली जाऊन आलं होतं. त्या एकाच माणसाला आज जहाजाची खरी वेळ माहीत होती, आणि बाकीचे उपाशी राहणार हेही माहीत होतं. जहाजाची सहल घेतली असती तर जहाज थांबलं असतं, म्हणून आधी गुडघा दुखला. पायऱ्या चढताना तो विसरायला झाला.”



“आणि हा बाक,” मिस इसिल्डा जरा हळू म्हणाली. “साहेब मध्ये बसले, सगळेच बसतात. तुम्ही न बघता टोकाला बसलात. खिळा कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. या खोलीत कोण येतं, ते मिस्टर लिंडोंनी सांगितलंच आहे.” तिने वही उघडून टेबलावर सरकवली. “नऊ वर्षांपूर्वीचा हाच महिना. लोरेटा ट्रेडवे. एकटीची सही आहे. मागे राहण्याचं कारण या रकान्यात लिहिलंय, मुलाचं निधन.”

डेनीजने तोंडावर हात ठेवला. “कुठला मुलगा?”

“वेस्ली,” लोरेटा म्हणाली. तिचा आवाज ऐकून ऑस्बर्नला वाटलं, हे नाव बऱ्याच वर्षांत मोठ्याने उच्चारलं गेलेलं नाही. “ग्रांटचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा. त्याला इथल्या बाजारात बसून चित्रं काढायची होती. हार्लनने नदीला गोल केला. टायरवर बसून प्रवाहातून जायचं. पुरुषासारखा वाग, म्हणाला.”

“लोरेटा, इथे नको,” हार्लन म्हणाला.

“इथेच. दोन वाजता त्याला बाहेर काढलं. चारला तू म्हणालास, जहाज थांबणार नाही, सगळ्यांनी मागे राहून काय होणार आहे. ग्रांटचा दंड धरलास आणि जहाजावर चढलास. मी या बाकावर बसून, या खिडकीतून, तुझं जहाज जाताना पाहिलं. सहा दिवस होते मी इथे, त्याचे कागद होईपर्यंत. त्या संध्याकाळी जहाजावर मोठं जेवण होतं. तू टाय लावला होतास. तो फोटो तू अल्बममध्ये चिकटवलास, हार्लन. पानाच्या मधोमध.”

बाहेर जहाज आता नखाएवढं दिसत होतं.

“मला तुला मारायचं नव्हतं. तुला इथे बसवायचं होतं. तुझ्याशिवाय जहाज जाताना तू पाहावंस एवढंच. नऊ वर्षं वाट पाहिली मी, तू पुन्हा या बंदराची सफर घेशील म्हणून. कारण मला माहीत होतं, तू घेशील. तुला काही झालंच नव्हतं ना.”



“आणि हा?” मिस इसिल्डाने छत्रीच्या टोकाने ऑस्बर्नकडे दाखवलं. “तुमच्या सुडाची शिक्षा याच्या पासवर निघणार होती. सहा वाजता.”

लोरेटाने पहिल्यांदाच ऑस्बर्नकडे नीट पाहिलं. “गाडीवाल्याचा मी विचारच केला नाही.”

“त्या दिवशी तुमच्या साहेबांनीही कोणाचा केला नव्हता.”

म्हाताऱ्या बाईचा चेहरा एकदम पडला. ती उठली, नवऱ्यासमोर गेली, त्याच्या खिशातलं लाल पेन ओढून काढलं आणि टेबलाशी वाकून लिहायला लागली. लिंडोंनी वाचून दाखवलं. घड्याळ मी फिरवलं, चालकाचा काही दोष नाही. खाली सही.

“पास राहिला तुझा,” लिंडो ऑस्बर्नला म्हणाले. “पण बाबा, यापुढे जहाजाची वेळ माझ्या फळ्यावरून लाव.”

ऑस्बर्नने गळ्यातला पास शर्टाच्या आत सारला. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याची नजर टेबलावरच्या त्या लाल ओळींवरून हलेना.

हार्लन उभाच होता, फाटकी पँट हाताने झाकून. “मला गुन्हेगार ठरवू नका,” तो म्हणाला. “नदीवाल्यांनी फॉर्म दिला होता. पोहता येतं का, असं त्यात विचारलं होतं. त्यावर खूण होती. त्याने स्वतः केलेली. आता मुलगाच खोटं लिहितो, तर बापाने काय करायचं?”

त्याने हे इतकं सराईतपणे म्हटलं, की या घरात हे वाक्य पूर्वी अनेकदा बोललं गेलं असणार. लोरेटाने डोळे मिटले. डेनीज नवऱ्याकडे पाहत होती.

ग्रांट खिडकीपासून वळला. टेबलाजवळ आला आणि आईने लिहिलेल्या कागदावर त्याने बोट टेकवलं.

“फॉर्मवरची खूण या रंगाची होती, डॅडी,” तो म्हणाला. “मी तुमच्या शेजारी उभा होतो. वेस्लीला पोहता येत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. आणि मलाही.”