उजवी बाजू वर

दसऱ्याच्या सकाळी सुनीती राजवाडे आपल्या कीबोर्डची बटणं ओल्या कापसाने पुसत बसली होती.

"दिगंबरराव, 'म' दाबला की खालीच राहतो. खाजगी गुप्तहेराने 'म'शिवाय अहवाल कसा लिहायचा?"

"काल खंडेनवमी होती," दिगंबर आठवले ओशाळून म्हणाले. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून ते तिच्या कचेरीत मदतीला येत. "आपापल्या हत्याराची पूजा करायची असते. तुमचं हत्यार हेच. कुंकू जरा जास्त झालं."

"निघतंय म्हणा. पाण्याने लगेच सुटतं."

तेवढ्यात दार ढकलून एक तरुण आत आला. काखेत भलीमोठी लाकडी फळी. ती त्याने टेबलावर अशी ठेवली, जणू आजारी माणसालाच आणलं होतं.

"मी नियाज. गिटार वाजवतो. हा माझा पेडलबोर्ड. काल कुणीतरी याचा घात केलाय."

सागवानी फळीवर पायाने दाबायच्या रंगीत लोखंडी डब्यांची, म्हणजे पेडलांची, रांग होती. एकातून दुसऱ्यात आखूड केबली गेल्या होत्या.

"गिटारचा आवाज उजवीकडून पहिल्या पेडलमध्ये शिरतो," नियाज म्हणाला. "तिथून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, शेवटी ॲम्पमध्ये, म्हणजे स्पीकरमध्ये. साखळीच म्हणा. परवा संध्याकाळी सगळं ठणठणीत होतं. काल सरावाला सुट्टी. आज सकाळी लावतो तर आवाजच नाही. दिवे सगळे लागतात."

"म्हणजे वीज पोहोचते. मग तुम्ही काय केलंत?"

"एकेक पेडल वगळून बघितलं. गिटार थेट दुसऱ्या पेडलला लावली की वाजते. पहिल्याला लावली की मुकी. मधली केबलही बदलली. दोष पहिल्या पेडलमध्येच आहे, आणि ते आधी अनंताचं होतं."

"अनंत कोण?"

"आमच्या बँडचा दुसरा गिटारवाला. पेडल मला विकलं आणि तेव्हापासून परत मागतोय." त्याने मान खाली घातली. "आज पहिल्यांदाच तिकीट लावून कार्यक्रम आहे. इतकी वर्षं लग्नाच्या हॉलमध्ये लोक जेवत असताना वाजवलं. चारपर्यंत आवाज आला नाही तर उल्काताई दुसऱ्याला घेणार. त्या गातात, बँडही त्यांचाच."

सुनीतीने भिंग काढलं. पहिलं पेडल उलटंसुलटं करून पाहिलं. "स्क्रूच्या खाचांत धूळ बसलीय, अगदी तळापर्यंत. हे कितीतरी दिवसांत कुणी उघडलेलं नाही."

"मग बिघडवलं कसं?"

"बघू. गिटारची केबल लावून दाखवा."

नियाजने आधी दुसऱ्या पेडलमध्ये केबलीच्या टोकाचा जॅक खोचला. तो गळ्यापर्यंत आत गेला. मग पहिल्यात खोचला. सुनीती वाकून बघत राहिली. पेडलच्या तोंडाशी चांदीची बारीकशी कडा दिसत होती.

फळीच्या उजव्या कडेला तांबडा ठिपका होता.

"हा?"

"उल्काताईंचं नेलपॉलिश असेल. ओळखू याव्यात म्हणून त्या आपल्या केबलींना लावतात."

सुनीतीने ओला कापूस ठिपक्यावरून फिरवला, कापसाकडे पाहिलं आणि तो रुमालात गुंडाळला. "चला, तुमची खोली बघू."

* * *

सरावाची खोली बिबवेवाडीतल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्याशी पाटी होती: 'वर गिटार वाजते. तक्रार करू नये. आम्हीही करून पाहिली आहे.'

"मालकांची," नियाज हळूच म्हणाला. "गोपाळकृष्ण जोगळेकर. निवृत्त मास्तर. दर आठवड्याला ओरडतात."

"कुलूप तोडलेलं नाही. किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे, उल्काताईंकडे आणि काकांकडे. बाकीचे आपापली वाद्यं घरी नेतात. मीही गिटार नेतो. ही फळी जड आहे. अब्बांनी बनवलीय, ते सुतार आहेत. ती तेवढी इथे राहते."

"कशी ठेवता?"

"अशी." त्याने फळी भिंतीला टेकवून उभी केली. "उजवी बाजू वर. आडवी ठेवली तर ड्रमवाल्याला जागा उरत नाही."

दिगंबररावांनी उगाचच मान डोलावली. सुनीती मात्र उभ्या फळीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

नियाजने फोन करून बोलावलेला अनंत आला तो तापलेलाच. "पेडल मला परत हवंय, म्हणून मी ते बिघडवीन? मोडकं परत घेऊन काय लोणचं घालू? काल मी सासुरवाडीच्या माणसांना खडकवासल्याला नेलं होतं. आणि मला किल्ली कोण देतंय?"

"उल्काताईंकडून घेता आली असती," नियाज त्याच्याकडे न बघता म्हणाला.

"हे तू बोलतोयस? मग आज तू वाजव नाहीतर नको वाजवूस, उद्यापासून मी येत नाही!"

त्याच्या पाठोपाठ आलेल्या उल्काताई शांतपणे केबली गुंडाळत होत्या. केबलींच्या टोकांना लाल ठिपके. "विश्रांतवाडीच्या एकाला फोन करून ठेवलाय, हे खरं. मला कार्यक्रम करायचाय, मॅडम. पण याच्यासारखं वाजवणारा मला कुठे मिळणार? याचा बोर्ड बिघडवून माझाच गळा कापायचा का?"

सुनीतीने त्यांच्या एका ठिपक्यावर ओला कापूस घासला. ठिपका ढिम्म हलला नाही.

"ठीक. आता मास्तर."

गोपाळकृष्ण जोगळेकर खाली एकटेच राहत. दिवाणखान्यात पाटावर पुस्तकांची चळत आणि खुंटीला तंबोरा. दोन्हींवर झेंडूची फुलं. शेजारी पकड, कात्री, शिवणयंत्र. पाण्याच्या मोटारीच्या बटणालासुद्धा टिळा होता.

"साग्रसंगीत!" दिगंबरराव खूश झाले.

"पूजा करायची तर हातचं राखून करू नये," मास्तर म्हणाले. "आपण कोण?"

सुनीतीने सांगितलं. "वरच्या खोलीची किल्ली आपल्याकडे आहे?"

"घर माझं आहे."

"काल वर गेला होतात?"

"वर गेलं की खाली यावं लागतं. गुडघे दुखतात."

"त्या फळीला हात लावलात?"

"बाई, मला त्यातलं काय कळतं?"

जिन्यात दिगंबरराव कुजबुजले, "बघा, म्हाताऱ्याने सरळ नाकारलं. याला आवाजाचा त्रास होतो, पण तो गेलाच नव्हता."

"दिगंबरराव, त्यांनी तीन उत्तरं दिली आणि एकदाही 'नाही' म्हणाले नाहीत. शिक्षक आहेत. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, अशी अवस्था झालीय."

* * *

साडेतीनला सगळे वरच्या खोलीत जमले. मास्तर जिना चढून आले आणि दारातच उभे राहिले. अनंत आणि नियाज दोन टोकांना.

"चोरी नाही, मोडतोड नाही, कुलूप शाबूत," सुनीती म्हणाली. "दिवे लागतात, म्हणजे वीज ठीक. दुसऱ्या पेडलपासून पुढे आवाज येतो, म्हणजे पुढची साखळी ठीक. पहिलं पेडल कुणी उघडलेलं नाही. मग उरलं काय? गिटारचा जॅक जिथे शिरतो ते भोक. दुसऱ्या पेडलमध्ये जॅक पूर्ण आत जातो, पहिल्यात त्याची कडा बाहेर राहते. आत काहीतरी त्याला अडवतंय."

"पण आत जाईल कसं?" नियाजने विचारलं. "भोक तर बाजूला आहे."

"फळी जमिनीवर असते तेव्हा बाजूला. तुम्ही ती उजवी बाजू वर करून ठेवता तेव्हा तेच भोक आभाळाकडे तोंड करून असतं. बाकीच्या भोकांत केबली आहेत. उघडं हेच."

तिने रुमालातला कापूस पुढे केला. तो तांबूस झाला होता. "नेलपॉलिश पाण्याने निघत नाही. आताच पाहिलंत. फळीवरचा ठिपका मात्र लगेच निघाला. असाच रंग मी आज सकाळी कीबोर्डवरून पुसत होते. दिगंबरराव, तुमच्यामुळे ओळखला."

दिगंबरराव दचकले. "कुंकू?"

सुनीतीने पेडल सोडवलं, भोक खाली करून तळहातावर हलकेच ठोकलं. काही पडलं नाही. पुन्हा ठोकलं. तांदळाचा एक दाणा पडला, मग दुसरा. दोन्ही लालसर.

"अक्षता," उल्काताई पुटपुटल्या.

"ज्या घरात पाण्याच्या मोटारीलाही टिळा लागतो, त्या घरात काल एकच वाद्य परक्याचं राहिलं होतं. बरोबर ना, मास्तर?"

मास्तरांनी खांद्यावरचा पंचा उगाचच सारखा केला.

"घरातलं वाद्य पूजेवाचून राहू नये," ते शेवटी म्हणाले. "म्हणून वर जाऊन कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग वाटलं, मुलगा मुसलमान, त्याला चालेल की नाही? विचारायला हवं होतं. तोंड कुठलं? जन्मभर शंख केला त्याच्या नावाने. म्हणून सगळं पुसून टाकलं. दाणे आत गेले ते दिसलं नाही मला." ते थांबले. "सकाळपासून हे रामायण चाललंय आणि मी खाली गप्प बसलो. चूक झाली."

"पण काका, तुम्हाला तर आवाजाचा त्रास होतो," नियाज म्हणाला.

"होतोच. काल सुट्टी होती, तर संध्याकाळी घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्याचा जास्त होतो."

नियाजने पेडल जागेवर बसवलं, जॅक खोचला. तो गळ्यापर्यंत आत गेला. त्याने एकच तार छेडली आणि खिडकीची तावदानं थरथरली. मास्तरांनी सवयीने कपाळाला आठ्या घातल्या.

नियाजने दोन्ही दाणे उचलून गिटारच्या पेटीतल्या छोट्या कप्प्यात ठेवले. मग तो अनंताकडे वळला. "माफ कर. हे पेडल आज तू वाजव. पहिलं गाणं तुझं."

"आणि उरलेली?" अनंत अजून फुगलेलाच होता.

"उरलेल्यांत माझ्या शेजारी उभा राहा. बस."

अनंताने नाक उडवलं आणि फळीचं दुसरं टोक उचललं.

दिगंबररावांच्या खिशात आपट्याची पानं होती. नियाजने त्यांतलं एक मागून घेतलं आणि मास्तरांच्या हातावर ठेवलं.

"सोनं घ्या, काका. माझ्या वाद्याला आजवर कुणी वाद्य म्हटलं नव्हतं. घरीसुद्धा 'ते डबे' म्हणतात."

मास्तर ते पान चष्म्याजवळ नेऊन बघत राहिले.

फळी घेऊन दोघे जिन्यापर्यंत गेले, तेव्हा मागून मास्तरांचा आवाज आला. "पुढच्या वर्षी विचारून करीन. पण अक्षता वाहणार. त्याशिवाय पूजा होत नाही."

"वाहा ना," नियाज जिन्यातून ओरडला. "पुढच्या वर्षी फळी आडवी ठेवीन. ड्रमवाला बसेल बाहेर!"