दत्तांच्या वरच्या खोलीतलं रीळ

कॅरम ठेवा बाजूला, वीज काही इतक्यात येत नाही. आणि बाबलू, दात काढायचे असतील तर आत्ताच काढून घे. ही गोष्ट भवतोषची, माझ्या लहानपणच्या मित्राची. त्याच्याच तोंडून ऐकली. जन्मभर हातीबागानच्या थेटरात सिनेमा दाखवायचं मशीन चालवलं त्यानं. आता बर्दवानला मुलीकडे असतो. माझा फोन उचलत नाही.

गेल्या वर्षीची भूतचतुर्दशी, कालीपूजेची आदली रात्र. दर्जीपाड्यातल्या दत्तांनी त्याला बोलावलं होतं. त्यांच्या पणजोबांनी मुक्या सिनेमाच्या काळात कंपनी काढली होती. दमदमच्या बागेत उन्हात पडदे बांधून चित्रं घ्यायचे. पुढे सगळं बुडालं. उरले ते वरच्या खोलीतले रिळांचे डबे आणि हातानं फिरवायचं एक मशीन. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाची बाई डबे न्यायला येणार होती. कुठलं रीळ शाबूत आहे, एवढंच भवतोषनं बघून ठेवायचं होतं.

दत्तांची सून म्हणाली, "भवतोषदा, आज चौदा दिवे लावायचे. पोरं पणत्या घेऊन घरभर नाचतात, आणि तुमच्या त्या डब्यांना एक ठिणगी पुरे. म्हणून दरवर्षी या खोलीला बाहेरून कडी घालतो आम्ही. दिवे विझले की उघडते. चालेल ना?"

"घाला की. मला कुठं पळून जायचंय?"

"आणि लावून काही बघू नका हं. ते चारुबालेचं रीळ तर नाहीच. कंपनीची नटी होती ती. सासूबाई सांगायच्या, दुसऱ्या कंपनीत जाऊ नये म्हणून तिला याच खोलीत कोंडलं होतं. इथंच गेली बिचारी."

कडी लागली. आणि आमच्या शहाण्यानं पहिलं रीळ चढवलं, ते नेमकं तेच. त्याला वाटलं, जन्म गेला या कामात, मला काय होतंय!

मशीनचा दिवा लावला. हँडल फिरवलं. भिंतीवर चित्र उमटलं. एक खोली, आणि खिडकीशी पाठमोरी बसलेली बाई. भवतोष खूश. लहानसंच रीळ, चहा उकळेपर्यंत संपायला हवं होतं.

संपेना.

वरच्या चकतीवरची गुंडाळी होती तेवढीच. फिरतेय, खाली उतरतेय, आणि तेवढीच.

"मग थांबवायचं ना, हरिकाका!"

अरे गाढवा, जुनं रीळ आहे ते. चालत राहिलं तर ठीक. तापल्या दिव्यासमोर अडलं की पेटतं, आणि पेटलं की पाण्यानंही विझत नाही. चारी बाजूंना डबेच डबे. दिव्याचं बटण दाराशेजारच्या भिंतीवर. हँडल सोडल्याशिवाय हात पोचत नाही. दाराला बाहेरून कडी. समजलं का आता?

तो ओरडला. बाहेर फटाके वाजत होते. कोण ऐकणार?

मग ती बाई वळली. समोर बघितलं... त्याच्याकडे. उठली. जवळ आली. ओठ हलले. आणि मुक्या सिनेमात येते तशी अक्षरांची पाटी आली.

"थांबू नका. थांबलात की मला अंधार."

त्यानं हात बदलला. परत बदलला. खांद्यातून कळा यायला लागल्या. घामानं मूठ सुटायला लागली. तिचा चेहरा आता भिंतभर. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, असं तो म्हणाला. मला तर तिचीही दया येते. पण त्याचं काय? तोही रडायला लागला.

"मा गो, सोड मला. म्हातारा झालोय. मुलगी आहे मला. नाही जमत आता..."

पाटी आली.

"मग दुसरं कोण?"

...

मला सांगता सांगता तो इथवर आला आणि समोरचा चहा तसाच टाकून उठला. एवढंच म्हणाला, "तोंडाला आलं ते नाव घेतलं रे मी." नाव घेतलं आणि हँडल हलकं झालं. रीळ संपलं. कडी निघाली.

कुणाचं नाव, ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझा फोन उचलणं बंद. शेवटी मीच संग्रहालयात गेलो, म्हटलं ते रीळ तरी बघू. तिथली बाई मोठी चांगली. म्हणाली, "साधंच रीळ आहे, काका. चार मिनिटांत संपतं. फक्त शेवटची पाटी कळत नाही. शंभर वर्षांपूर्वीची अक्षरं आहेत, पण नुसतं एक नाव. त्या नावाचं पात्रच नाही सिनेमात."

तिनं फिल्म उजेडात धरली. मी चष्मा लावला.

'हाबुल.'

माझं घरातलं नाव. तुम्हाला कुणाला ठाऊक नसेल. आई गेल्यापासून मला त्या नावानं एकटा भवतोषच हाक मारायचा.