मागच्या बाकावरचे सर

आशागडच्या पुढे, पाड्यावरच्या शाळेत लतिका पहिलीचा वर्ग शिकवायची. घरी वारली बोलणारी पहिलीची मुलं वर्गात गप्प का बसतात, हा तिच्या कृतिसंशोधनाचा विषय. आज निरीक्षणाला दक्षा मॅडम यायच्या होत्या, पण त्यांना ताप भरला, आणि दारात उभा राहिला शेजारच्या शाळेतला गौरव सर!

अगं बाई, नेमका हाच?

गुडघे छातीशी घेऊन तो मागच्या बुटक्या बाकावर बसला. मूल बोललं की कागदावर रेघ मारायची, एवढंच त्याचं काम. पण त्याने वर पाहिलं की लतिकाच्या हातातला खडू थरथरायचा. पाणी प्यायच्या निमित्ताने ती मध्येच बाहेरसुद्धा जाऊन आली.

मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यात आला. "मॅडम, रागावणार नसाल तर..."

"सांगा ना."

"तुम्ही पाणी प्यायला गेलात, तेव्हा कधी तोंड न उघडणारी ती भिकीसुद्धा घडाघडा बोलत होती. तुम्ही आत आलात आणि — चिडीचूप. मुलं तुम्हाला घाबरतात."

लतिकाचे डोळे भरून आले. मुलांसाठी जीव टाकते मी... "परवा केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांसमोर, शिक्षण परिषदेत हे वाचू? सगळे हसतील मला. तेवढं नका ना लिहू, सर."

त्याने हातातल्या रेघांच्या कागदाची घडी घातली. "तुम्ही म्हणाल ते मी करेन, हीच तर माझी पंचाईत आहे. पण मग तुमच्याकडे सरळ बघता येणार नाही. आणि ते मला जमायचं नाही, मॅडम."

दोन रात्री तिला धड झोप लागली नाही.

परिषदेत ती कागद घेऊन उठली. "माझी मुलं मला घाबरतात," तिने वाचलं. कुणीच हसलं नाही.

"मग उपाय काय?" केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"मी खाली मुलांत बसणार, त्यांची बोली त्यांच्याकडून शिकणार." तिने मागे बसलेल्या गौरवकडे हात केला. "निरीक्षक मात्र... हेच हवेत."

आता सगळे हसले. गौरव कानापर्यंत लाल झाला.

बाहेर, गाडीशी, त्याने हळूच विचारलं, "कधीपर्यंत यायचं मी?"

"माझी भीती जाईपर्यंत."

"आणि उद्याच गेली तर?"

लतिकाने आजूबाजूला पाहिलं आणि थरथरता हात त्याच्या हातात दिला.

"बघा... इतक्यात जातेय का ती!"