वेशीखालचा नंबर

तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि कारण ऐकलंत तर हसाल. माझी मुलगी एक सूर गाळत होती.

हेटी सव्वाचार वर्षांची. आंघोळ करताना, जेवताना, मोजे चढवताना ती एक चाल गुणगुणायची. ती मी शिकवलेली नव्हती. दर वेळी नेमक्या एकाच जागी ती थांबायची, सुराऐवजी नुसता श्वास सोडायची आणि पुढे जायची. मुलं सूर चुकतात, मान्य. पण रोज तिथेच?

"रोवेना, तुला काळजीला काहीतरी लागतंच," नवरा म्हणाला. "गेल्या महिन्यात तिचे कान होते."

कान खरंच होते, त्यामुळे मी मनातल्या मनात एकेकाचा संशय घेत राहिले. आधी पाळणाघरातल्या बाईंचा. त्यांनी शपथेवर सांगितलं, आम्ही फक्त बदकाचं गाणं शिकवतो.

तिसऱ्या रात्री तो श्वास मला ओळखू आला. अकॉर्डियनची एखादी पट्टी मेली की दाबल्यावर अस्साच आवाज येतो. सूर नाही, नुसती हवा. आणि अख्ख्या ब्रिस्टलमध्ये, तीच चाल वाजवणारं आणि तिथेच पट्टी मेलेलं अकॉर्डियन एकच होतं. अ‍ॅम्ब्रोजचं. तो ती कधी दुरुस्त करायचा नाही. म्हणायचा, "तिथे ऐकणाऱ्यानं आपला सूर घालावा."

अ‍ॅम्ब्रोजला जाऊन हेटीच्या वयाइतकीच वर्षं झाली होती.

हेटी व्हायच्या आधी मी रस्त्यावर व्हायोलिन वाजवायची. आमच्यात कागदावर काही नसतं. जो वाजवतोय त्याला विचारायचं, "तुमच्यानंतर कोण?" कुणी नसेल तर म्हणायचं, "मी." झालं. घड्याळाचा टोला पडला की तो उठतो, तुम्ही उभे राहता. पण एकदा 'मी' म्हटलं की यायचंच. तुम्ही येईपर्यंत तो जागा सोडत नाही, दुसऱ्याला देतही नाही.

त्या नोव्हेंबरात, नववा महिना भरत आलेला असताना, मी जुन्या वेशीच्या कमानीखाली अ‍ॅम्ब्रोजला 'मी' म्हणून बसले. अर्ध्या तासात कळा सुरू झाल्या. निरोप धाडता आला असता. मला आठवलंच नाही. म्हातारा अंधार पडेपर्यंत त्या गारठ्यात माझी वाट बघत बसला आणि आठवड्याभरात छाती भरून गेला. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. व्हायोलिन मात्र पुन्हा बाहेर काढलं नाही.

शनिवारी दुपारी हेटीला पावसाळी बूट घ्यायला आम्ही निघालो. बेडकाचे डोळे लावलेले हिरवे बूट मिळाले. ते घालूनच ती प्रत्येक डबक्यात उडी मारत चालली होती. पाऊस आमच्याकडे असतो तसा, वरून कमी आणि बाजूनं जास्त. चढावर वळलो, आणि वरच्या गल्लीतून अकॉर्डियन ऐकू आलं.

कुणीही वाजवत असेल. या शहरात कोण काय वाजवत फिरेल याचा नेम नाही. मग तो श्वास आला. त्याच जागी.

मी हेटीचा हात धरून मागे वळले, पायऱ्यांच्या बोळानं खाली उतरले. आता आवाज खालून येत होता. नदीच्या कडेनं गेले, तर पुलाच्या तोंडाशी, पुढेच. माणूस दिसत नव्हता. ओल्या दगडांचा वास, आणि त्यात मिसळलेला जुन्या चामड्याचा... भात्याचा.

"आई, इकडून नाही," हेटी म्हणाली. "ते इकडे नाहीत."

"कोण?"

"वाट बघणारे आजोबा."

त्यानंतर मी रस्ता निवडला नाही. ती चालली, मी मागून गेले.

वेशीसमोर डेन्झिल भर पावसात भिजत उभा होता. डेन्झिलही आमच्यातलाच, लाकूड कापायच्या करवतीवर व्हायोलिनचा गज फिरवून ती वाजवतो, आणि सगळ्यांना राणी म्हणतो, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा.

"काय गं राणी, मुलगी देऊन बेडूक आणलास का?"

"हेटीला ती चाल तू शिकवलीस?"

"मी? करवतीत मेलेली पट्टी कुठून आणू?"

"पट्टीचं मी काही बोललेच नाही, डेन्झिल."

त्यानं मान खाली घातली. हॅटवरून पाणी ओघळलं.

"पाऊस असला की आम्हा सगळ्यांनाच ऐकू येतं," तो हळूच म्हणाला. "आम्ही रीतीनं विचारतो, तुमच्यानंतर कोण... आणि आतून तुझं नाव येतं. म्हणून तिथं कुणी बसत नाही."

"मला सांगायचं नाही?"

"तान्ह्या पोरीच्या आईला? आणि आता तर तो तुमच्यामागं फिरायला लागलाय..."

आता मला सगळं कळलं. माझं वचन राहिलं होतं, आणि तो ते मागायला माझ्या लेकीपर्यंत आला होता. मी हेटीचा हात डेन्झिलच्या हातात दिला.

"घट्ट धर."

कमानीखालून वारा पाऊस आरपार नेत होता. सगळी फरशी चिंब. फक्त मधे, एका स्टुलाएवढी जागा कोरडी ठणठणीत. वर घड्याळानं तीनचे टोले दिले.

"अ‍ॅम्ब्रोज," मी म्हणाले, "मी आले. उशीर झाला."

व्हायोलिन नव्हतं, म्हणून गायले. आवाज फाटला, पण गायले. ती जागा आली तेव्हा श्वास नाही सोडला, राहिलेला सूर घातला. चाल संपली. त्या कोरड्या जागेवर एक थेंब पडला. मग दुसरा. बघता बघता ती बाकीच्या फरशीसारखी ओली झाली, आणि चामड्याचा वासही गेला.

सुटले. हसू येत होतं की रडू, कळेना.

"झालं रे, डेन्झिल!" मी वळून ओरडले.

डेन्झिल रस्त्यापलीकडेच होता. त्याच्या मुठीत हेटीचा लाल हातमोजा होता, आणि तो त्या मोज्याकडे बघत होता. हेटी माझ्या पाठीशी, कमानीच्या भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या डोक्याला हात लावला. केस कोरडे होते, शेकोटीपाशी बसल्यासारखे ऊन. कोटही. बुटांच्या तळव्यांनासुद्धा पाण्याचा थेंब नव्हता.

"तू इथं कधी आलीस?"

"तुझं छान झालं, आई," ती म्हणाली. "मग आजोबांनी विचारलं, हिच्यानंतर कोण?"

"...आणि?"

"मी म्हटलं, मी."