गरम झालेली तार

घर्र… घर्र… घर्र…

आजोबांच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीचं इंजिन फिरत होतं, पण इतकं सावकाश, की झोपेत कूस बदलतंय असं वाटावं. सुरू मात्र होत नव्हतं.

साल होतं २०५८. वेंगुर्ल्याच्या रस्त्यांवर विजेच्या गाड्या आवाज न करता धावत. पेट्रोलची गाडी ठेवायची, तर दर वर्षी परीक्षा द्यावी लागे. निरीक्षकांसमोर तीन प्रयत्नांत इंजिन सुरू झालं नाही, तर ते काढून वितळवायला नेत. आजची परीक्षा चार वाजता होती.

"बॅटरी उतरली असेल," बारा वर्षांची नीरजा म्हणाली.

"नाही. इंजिन फिरवतानाही तिचा दाब १०.८ व्होल्ट होता. बॅटरी चांगली आहे," पारा म्हणाला.

"शाबास, बाळा!" आजोबांनी पाराची पाठ थोपटली.

नीरजाला ते खटकलं. आजोबा 'बाळा' म्हणत ते फक्त तिला. आजोबा पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. मागच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या हातात पाना द्यायचा तो नीरजानेच. मग त्यांनी पारा नावाचा हा यंत्रमानव बनवला. तो कधी चुकत नसे, दमत नसे, आणि मधेच आंबे खायला पळत नसे.

"म्हणजे दोष स्टार्टरमध्ये आहे," पारा म्हणाला. स्टार्टर (इंजिनाला पहिले फेरे देणारी छोटी, ताकदवान मोटर) नवा हवा होता. चौकशी करायला दोघं घरात गेले.

नीरजा एकटीच गाडीपाशी उरली. रागाने तिने इंजिनाजवळ हात टेकवला आणि "आई गं!" म्हणून झटकन मागे घेतला. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी जाड, विणलेली तार होती. तिचं एक टोक चटका बसण्याइतकं गरम होतं. दुसरं टोक गार.

असं का? ती आजोबांना हाक मारणार, एवढ्यात तिला वाटलं, कशाला? चुकू दे की पाराला. एकदा तरी चुकू दे.

"तुझ्या बोटाला काय झालं?" बाहेर येताच पाराने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि हात पाठीमागे लपवला.

आजोबा पायरीवर बसले. "स्टार्टर यायला सहा दिवस लागतील म्हणे." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसत राहिले. "तुझ्या आईला मी याच गाडीवर शिकवलं. तुलाही शिकवणार होतो. जाऊ दे."

पारा चुकला होता. नीरजाला वाटलं होतं तसंच. पण आनंद काही होईना. उलट रडूच यायला लागलं.

"आजोबा, ती तार गरम आहे," ती इंजिनाजवळच्या तारेकडे बोट दाखवत एकदम म्हणाली. "मला मघाशीच कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"मुद्दाम?"

"तुम्ही त्याला बाळा म्हणता ना!"

आजोबा उठले. त्यांनी तिचं बोट पाहिलं. "ते आपण नंतर नीट बोलू. चूक माझीही आहे. आधी मीटर धर."

तिने मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या धातूला.

"शून्य," ती म्हणाली.

"कारण आत्ता वीज वाहतच नाही. पारा, फिरव!"

घर्र… घर्र… आकडा एकदम २.१ वर गेला.

"सापडला चोर!" आजोबा म्हणाले. "बॅटरीतून स्टार्टरला गेलेली वीज याच तारेतून परत येते. नळीत कचरा अडकला, की पाण्याचा जोर तिथेच कमी होतो. तसं या गंजलेल्या जोडावर दोन व्होल्ट वाया जातात. याला व्होल्टपात (वाटेतच खर्च होणारा विद्युतदाब) म्हणतात. वाया गेलेल्या विजेची उष्णता झाली, म्हणून तुला चटका बसला. स्टार्टरला उरली कमी, म्हणून तो रडतखडत फिरतो."

"मी बॅटरी तपासली, वाट तपासली नाही," पारा म्हणाला. "माझ्या बोटांना उष्णताही कळत नाही. नीरजा, मला तुझा हेवा वाटायला हवा."

तिला हसू आवरेना.

त्यांनी आधी बॅटरीची तार सुटी केली. मग जोड उघडला. खाऱ्या हवेने त्यावर तपकिरी पापुद्रे चढले होते. नीरजाने ते तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासले आणि पाराने बोल्ट घट्ट आवळले. पुन्हा मोजलं, तर आकडा होता फक्त ०.१. इंजिन पहिल्याच फेऱ्यांत धडधडलं.

चार वाजता निरीक्षक दळवी मॅडम आल्या. पहिल्याच प्रयत्नात गाडी सुरू झाली. त्यांनी शिक्का मारला आणि विचारलं, "दोष कोणी शोधला?"

"या माझ्या नातीने," आजोबा म्हणाले. "आणि लपवलाही तिनेच."

नीरजाचे कान लाल झाले.

संध्याकाळी तिघं गाडीतून समुद्राकडे निघाले. "पुढच्या वर्षी मी चंद्रावरच्या तळावर जातोय," पारा म्हणाला. "तिथल्या गाड्या सांभाळायला. तिथे हवा नाही, त्यामुळे गंज नाही. पण धूळ फार. जोड तिथेही बिघडतील."

नीरजाला पुन्हा त्याचा हेवा वाटला. पण पारा चुकावा, असं या वेळी मनात आलं नाही. आपणही तिथे असावं, एवढंच वाटलं.

"आजोबा," ती म्हणाली, "चंद्रावर जायला काय काय शिकावं लागतं?"